लक्षात आले होते, लिहूनही ठेवले होते

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला, रुग्णांचे जीव घेणाऱ्या परिचारकांवरचा पानभर लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा चष्मा लावून, दुसऱ्यांदा चष्मा हातात घेऊन, कारण तोवर डोके तापले होते.

लेख कष्टाने लिहिला आहे, त्याबद्दल लेखकमहाशयांचे अभिनंदन. पण सगळा सूर असा, की एवढी माणसे गेली तरी कुणाच्या लक्षात कसे आले नाही! त्यांनी आयुष्यात एक नाइट ड्यूटी केली असती तर हा प्रश्न त्यांना पडलाच नसता. वॉर्डात सगळ्यांच्या सगळे लक्षात येते. कुठल्या डॉक्टरांचा हात कापतो, कुठल्या मावशी रात्री दोननंतर सापडत नाहीत, कुणाच्या पाळीत पेशंट 'बिघडतात', हे पाळी बदलताना, हँडओव्हर देताना नुसत्या भुवईवरून कळते. तुमच्याच लेखातला तो जर्मन परिचारक नील्स होगेल घ्या. ओल्डेनबुर्गच्या रुग्णालयात 2001 मध्येच कुणाच्या पाळीत किती मृत्यू झाले, याची यादी करून झाली होती. त्यात याचे नाव इतरांच्या बरेच पुढे. मग काय केले? आधी विभाग बदलला, नंतर उत्तम कामाचे प्रमाणपत्र हातात ठेवून निरोप दिला. ते प्रमाणपत्र घेऊन तो डेल्मेनहोर्स्टच्या रुग्णालयात रुजू झाला. तिथे हृदयाचे ठोके ताळ्यावर आणणाऱ्या एका औषधाचा खप कित्येक पटींनी वाढला. औषध भांडारातून निघत होते, म्हणजे कुणीतरी मागणी लिहीत होते, कुणीतरी सही करत होते. 2005 मध्ये सहकारी परिचारिकेने त्याला जवळजवळ रंगेहाथ पकडले, तरी त्याला लगेच घरी पाठवले नाही. सुट्टीवर जायचाच आहे, तेवढे दोन दिवस जाऊ द्या! त्या दोन दिवसांत आणखी एक रुग्ण गेला. 2019 मध्ये न्यायालयाने 85 खुनांसाठी जन्मठेप सुनावली. त्याच्या वरिष्ठांवरही खटला झाला आणि 2022 मध्ये ते निर्दोष सुटले. न्यायालयाचा मान राखते आणि पुढे जाते.

हे सगळे मला इतके झोंबले, कारण त्या यादीसारखे एक पान मीही एकदा लिहिले होते.

मी तेव्हा वॉर्डची इन्चार्ज होते. रुग्णालयाचे नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचे त्यांना कळेल. आमच्याकडे एक ब्रदर, म्हणजे पुरुष परिचारक, होते. हुशार, हसतमुख, कुणाची शीर सापडेना की त्यांनाच हाक. क्रॅश कार्टपाशी, म्हणजे जीव वाचवायच्या औषधांच्या गाडीपाशी, सर्वांच्या आधी तेच पोचायचे आणि आम्ही कौतुक करायचो. (होगेललाही सहकारी कौतुकाने 'रॅम्बो' म्हणत, हे वाचून अंगावर काटा आला.) त्या सुमारास एका इंजेक्शनचा हिशेब लागेना. दहा अँप्यूलचा (औषधाच्या काचेच्या कुप्यांचा) खोका एरवी महिनाभर पुरायचा. त्या महिन्यात मी तीनदा इंडेंट केले, म्हणजे भांडाराकडे मागणी लिहिली. केसपेपरांवर मिळून जेमतेम अकरा इंजेक्शनांची नोंद. उरलेली गेली कुठे? मी कुणाचे नाव घेतले नाही. स्टॉक रजिस्टरमध्ये लाल शाईने एवढेच लिहिले: 'खप व केसपेपर जुळत नाहीत. चौकशी व्हावी.' खाली सही, तारीख, वेळ.

दुसऱ्या दिवशी आमच्या वरिष्ठ मेट्रनबाईंनी बोलावले आणि चहा मागवला. आमच्याकडे चहा आला की समजायचे, आता काहीतरी गिळायला सांगणार. "सिस्टर, असल्या गोष्टी तोंडी सांगायच्या असतात. वहीत लिहिलं की ती ऑडिटला जाते." मी म्हटले, ऑडिटला जावी म्हणूनच लिहिली. त्यावर बाई काही बोलल्या नाहीत. आठवड्याभरात जुने रजिस्टर 'फाटले आहे' म्हणून बदलण्यात आले. चांगले जाड पुठ्ठ्याचे रजिस्टर, अर्धेसुद्धा भरलेले नव्हते! नव्या वहीत फक्त शिल्लक पुढे ओढली. माझे लाल अक्षर जुन्या वहीबरोबर गेले ते गेलेच.

त्यानंतर मेमो आला, तो मला. स्टॉकमध्ये तफावत का, याचा तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. जी तफावत मी दाखवली, तिचा खुलासा मी करायचा! केलाही. दीड पान. पोच मिळाली नाही.

दोन महिन्यांनी ब्रदर दुसरीकडे मोठ्या पगारावर गेले. निरोपाला भाषणे झाली आणि 'वर्तणूक अत्यंत समाधानकारक' असे प्रमाणपत्र मिळाले. त्यांनी काही केले होते का? मला माहीत नाही, हे प्रामाणिकपणे लिहिते. अँप्यूल फुटल्या असतील, कुणी विकल्या असतील, घाईत नोंदी राहिल्या असतील. ते देवमाणूस असतील आणि मी उगाच संशय घेतला असेल. पण तेही तपासल्याशिवाय कसे ठरले?

तुमच्या लेखात ल्युसिया द बेर्क या डच परिचारिकेचा साधा उल्लेखही नाही, याचे म्हणूनच नवल वाटले. तिला खुनी ठरवून जन्मठेप दिली आणि 2010 मध्ये ती निर्दोष सुटली. इंग्लंडमधल्या चेस्टरच्या ल्युसी लेटबी या, बाळांच्या खुनांसाठी दोषी ठरलेल्या परिचारिकेबद्दलही शिक्षेनंतर तज्ज्ञांमध्ये जुंपली आहे. जुंपू दे, खरे-खोटे मी इथे बसून सांगू शकत नाही. माझे लक्ष एकाच गोष्टीवर खिळले: शंका काढणाऱ्या डॉक्टरांना 2017 च्या फेब्रुवारीत तिची लेखी माफी मागावी लागली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात रुग्णालयाने पोलिसांना बोलावले. ती दोषी असो वा नसो, दोन्ही बाजूंनी हा कारभार वाईटच. निर्दोष असेल तर वेळीच नीट चौकशी करून तिच्यावरचा डाग पुसायला हवा होता.

अमेरिकेतला खुनी परिचारक चार्ल्स कलन सोळा वर्षे या रुग्णालयातून त्या रुग्णालयात फिरला. पेनसिल्व्हेनियात तर सहकाऱ्यांना वापरलेल्या सुयांच्या डब्यात औषधांच्या बाटल्या सापडल्या होत्या. त्याला राजीनामा देऊ दिला, की काही महिन्यांत शेजारच्या न्यू जर्सीत नोकरी. तिथे 2003 च्या जुलैत विषबाधा केंद्राच्या डॉक्टरांनी रुग्णालयाला बजावले, अटक झाली डिसेंबरात. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओची तऱ्हा तर आणखी न्यारी. जेनीन जोन्सवर संशय होता, म्हणून 1982 मध्ये तिच्या दर्जाच्या सगळ्याच परिचारिकांना बालरोग अतिदक्षता विभागातून हलवले! कुणाचेच नाव घेतले नाही, म्हणजे कुणी दावा लावायला नको. ती शिफारसपत्र घेऊन केरव्हिलच्या एका बालरोग दवाखान्यात गेली आणि तिथे पंधरा महिन्यांची मुलगी दगावली. रुग्णालयांना वकील फार चांगले मिळतात, असे दिसते.

'पुरावा आणा' हे वाक्य मी नोकरीत किती वेळा ऐकले त्याची गणती नाही. पुरावा आणायचा परिचारिकेने. भांडाराची किल्ली, हजेरीपट, मृत्यूंची नोंदवही मात्र कार्यालयाच्या कपाटात. कलनच्या प्रकरणानंतर न्यू जर्सीत कायदा करावा लागला, की कर्मचाऱ्याबद्दल खरी माहिती पुढच्या रुग्णालयाला देणाऱ्याला संरक्षण मिळेल. खरे बोलायला कायदा लागला.

आणखी एक. होगेल पुरुष, कलन पुरुष, लेखातली तीन-चतुर्थांश जागा या दोघांनी व्यापलेली. मग सोबतचे चित्र टोपी घातलेल्या, हातात सिरिंज धरून ओठ मुडपून हसणाऱ्या बाईचे का? तुमच्या चित्रकारांना परिचारिका म्हटले की टोपीच दिसते का? मी नोकरीला होते तेव्हाच ती टोपी कित्येक वॉर्डांतून गेली होती. 12 मेचा परिचारिका दिन आला की आम्ही 'सेवेची मूर्ती', एरवी सिरिंजवाली चेटकीण. या दोहोंच्या मध्ये आठ तास उभे राहून पाय सुजलेली एक बाई असते, तिचे चित्र काढून पाहा.

पत्र लांबले आहे, जागेअभावी तुम्ही कात्री लावाल. चित्राबद्दलची कुरकुर खुशाल काढून टाका. लाल शाईचा मजकूर तेवढा राहू द्यावा. तो एकदा काढून झालेला आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
(नाव छापू नये, ही विनंती)