शांघायमधली स्थळं

शांघाय, रविवार रात्र

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

हसू नका. कागदावर पेनने लिहायला बसल्यावर आजीने शिकवलेला हाच मायना आठवला. इथे ऑफिसच्या वायफायवर व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही, आणि रोमिंगवर फोन केला की बाबा दोन मिनिटांत "बिल चढतंय, ठेव" म्हणतात. त्यात मागच्या वेळी तुम्ही दोघं एकदमच बोलत होतात. बाबा विचारत होते, "काय काय स्थळं पाहिलीस?" आणि मागून आईचं चाललं होतं, "मी पाठवलेलं स्थळ पाहिलंस का?" तर दोघांनाही उत्तर देते. आधी बाबा.

बाबा, तुमच्या त्या उंच इमारती नदीपलीकडे, पुडाँग भागात आहेत. तिघी अगदी खेटून उभ्या आहेत. जिन माओ ८८ मजल्यांची. तिच्या शेजारची ४९२ मीटरची, माथ्यावर चौकोनी भोक असलेली. तिला सगळे बाटलीचं ओपनर म्हणतात, आणि एकदा ऐकलं की दुसरं काही दिसतच नाही. तिसरी शांघाय टॉवर, ६३२ मीटर, १२८ मजले. धुतलेली चादर पिळून उभी करावी तशी दिसते. हा पीळ शोभेसाठी नाही. इतक्या उंचीवर वाऱ्याचा मारा जबरदस्त असतो, तो या पिळामुळे बराच कमी होतो, असं आमच्या टीममधल्या स्ट्रक्चरवाल्याने सांगितलं. लिफ्टने एका मिनिटाच्या आत ११८व्या मजल्यावर गेले, कानात दडे बसले, दार उघडलं आणि समोर... पांढरं. निव्वळ ढग. जुलैत सिंहगडावर उभं राहून तुम्ही "हे बघा, इथून खडकवासला दिसतं" असं सांगत होतात आणि आम्ही धुक्याकडे बघून माना डोलावत होतो, अगदी तसं. तिकिटाचे पैसे पाण्यात. शेजारी एक जोडपं त्या पांढऱ्यासमोर वीस मिनिटं फोटो काढत होतं, त्यांचं मात्र वसूल झालं.

विमानतळावरून ती चुंबकावर तरंगणारी गाडी घेतली. अंतर ३० किलोमीटर, म्हणजे साधारण शिवाजीनगर ते तळेगाव. आठ-नऊ मिनिटांत पोचवते. पूर्वी ती ताशी ४३१ पर्यंत जायची, २०२१पासून ३००वर आणली आहे. मला ३०० पुष्कळ झाले.

आता आई, तुझ्यासाठीचं. नदी ओलांडायला लोक इथे मेट्रो घेतात, मी फेरीबोट घेतली. दोन युआन, म्हणजे पंचवीसेक रुपये धर. कामावरून सुटलेले लोक विजेच्या स्कूटरीसकट बोटीवर चढतात, पाच-दहा मिनिटांत पलीकडे. पलीकडे म्हणजे बंड. चिनी लोक वायतान म्हणतात, पण इंग्रजांनी ठेवलेलं नाव बंड, आणि ते त्यांनी आपल्याकडूनच नेलं. आपल्या बंडगार्डनचा बंड आणि हा बंड एकच! नदीला घातलेला बांध.

त्या बांधावर जुन्या दगडी पेढ्यांची रांग आहे. त्यात हिरव्या तांब्याच्या टोकदार छपराची एक इमारत दिसली. आत हॉटेल, बाहेर पाटी. पाटी वाचली आणि मी जागीच थांबले. ससून हाउस, १९२९. आई, तू तीस वर्षं ज्या नावाखाली ड्यूटी केलीस, ते नाव! मला आधी वाटलं योगायोग असेल. नाही. डेव्हिड ससून १८३२ साली बगदादहून मुंबईला आला, त्याने मुलाला, इलायसला, १८४४ साली चीनला धाडलं, आणि इलायसचा नातू व्हिक्टर याने ही इमारत उठवली. पणजोबा आपल्या कॅम्पातल्या लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या त्या प्रार्थनास्थळाच्या आवारात विसावलेत, पणतूचं छप्पर इथे नदीवर चमकतंय. धंदा काय, तर कापूस, सूत आणि अफू. अफू आपल्याकडची, ओढणारे इकडचे. तुमच्या हॉस्पिटलला देणगी त्याच घराण्याची. बाबा म्हणतील दान ते दान. असेल. पण मी त्या दारासमोर उभी राहून तुझ्या पांढऱ्या साडीचा, रात्रपाळीवरून आल्यावर येणारा डेटॉलचा वास आठवत होते, आणि दाराशी पाहुण्यांच्या बॅगा उचलणारा पोरगा मला "आत यायचंय का?" असं खुणेने विचारत होता. आत गेले नाही. तिथला चहा परवडणारा दिसत नव्हता.

यू युआन नावाची बाग पाहिली. १५५९ साली पान युंदुआन नावाच्या अधिकाऱ्याने वडिलांना म्हातारपणी निवांत बसता यावं म्हणून ती बांधायला काढली, आणि मग सरकारी बदल्या-बढत्यांमुळे वर्षानुवर्षं रेंगाळली. (बाबा, गच्चीवरची शेड मी दिवाळीपर्यंत नक्की करून देते.) बागेत माणसाच्या दुप्पट उंचीचा, भोकाभोकांचा एक दगड आहे. खाली उदबत्ती लावली तर सगळ्या भोकांतून धूर निघतो म्हणे. भिंतीवरून ड्रॅगन पळतात. पाच नख्यांचा ड्रॅगन फक्त बादशहाचा, म्हणून इथल्यांना नख्या कमी ठेवल्या असं सांगतात. बाहेर तळ्यावर वेडावाकडा नऊ वळणांचा पूल. भुतांना वळता येत नाही, ती सरळच चालतात, हा त्यामागचा हिशोब. गर्दी मात्र रविवारच्या तुळशीबागेइतकी, त्यामुळे माणसांनाही वळता येत नव्हतं.

आणि आज दुपारी, आई, मी खरी स्थळं पाहिली. शहराच्या मधोमध पीपल्स पार्क आहे. शनिवार-रविवारी तिथल्या वाटांच्या कडेला ओळीने उघड्या छत्र्या जमिनीवर ठेवलेल्या असतात, आणि प्रत्येक छत्रीवर चिमटा लावून एक कागद. लग्नाच्या मुलामुलींची माहिती! फोटो बहुतेकांवर नाही, नाव नाही. भाषांतराच्या अ‍ॅपमधून एक वाचलं: १९९१, मेंढी वर्ष, उंची १६३, पदव्युत्तर, सरकारी नोकरी, स्वतःचा फ्लॅट, शांघायचीच रहिवासी नोंदणी. मेंढी वर्ष म्हणजे त्यांची पत्रिका गं. छत्रीमागे घडीच्या स्टुलावर आई नाहीतर बाबा, सोबत पाण्याची बाटली. मुलंमुली कुठेच नाहीत. कित्येकांना आपला कागद इथे लागलाय हे ठाऊकही नसतं.

एका काकूंनी मला थांबवलं, फोनवर काहीतरी बोलल्या आणि फोन माझ्यापुढे धरला. इंग्रजीत उमटलं होतं, जन्मसाल काय? मी सांगितलं. त्यांनी बोटांवर मोजलं, मान हलवली, अगदी तू हलवतेस तशी, आणि पुन्हा बोलल्या: "आई कुठे आहे?" मी म्हटलं, पुण्यात. त्यावर त्यांनी छत्रीवरचा एक चिमटा काढून माझ्या हातात ठेवला. काय म्हणायचं होतं कोण जाणे. तेवढ्यात सर आली. सगळ्या छत्र्या एकदम वर झाल्या, म्हातारीकोतारी त्यांच्याखाली, आणि मुलांचे कागद कडेला लोंबत भिजत होते. काकूंनी आपला कागद मात्र आधीच काढून पोटाशी धरला होता.

तर तुझ्या नाशिकच्या स्थळाचं. पत्रिका पाठवू नकोस, नंबर पाठव. बोलून बघते. नुसतं बोलून, आत्याला लगेच कळवू नकोस.

मेतकूट अजून आहे, थालीपिठाची भाजणी संपली. आजीला नमस्कार. चिमटा या पत्राला लावते आहे, उपयोगात आण.

तुमची,
चिमी