‘झालं ना आता, विसर’ असं म्हणू नका

महोदय,

ऑक्टोबर हा स्तनाच्या कर्करोगाबद्दल जागृतीचा महिना. तो लागला की गुलाबी फितींबरोबर ‘कर्करोगानं मला जगायला शिकवलं’ अशा मुलाखती येऊ लागतात. त्या खोट्या नसतात. स्तनाच्या कर्करोगातून बाहेर पडलेल्या अनेकींना माणसं जास्त जवळची वाटतात, नको त्याला ‘नाही’ म्हणता येतं, राहून गेलेलं काही हाती घ्यावंसं वाटतं. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये हा बदल मोजायला २१ विधानांची प्रश्नावली केली. प्रत्येक विधानाला ० ते ५ गुण, एकूण १०५. पण तिच्यात शून्याखाली गुणच नाहीत. आजारपणात जिचा संसार विस्कटला, तिचं नुकसान त्या कागदावर उमटतच नाही.

शिवाय असा बदल म्हणजे हसतमुख राहणं नव्हे. मॅमोग्राफीच्या (स्तनांच्या एक्स-रे तपासणीच्या) आदल्या रात्री जिचा डोळ्याला डोळा लागत नाही, तिच्यातही हा बदल घडत असू शकतो. आणि नाही घडला, तर तो तिचा कमीपणा नाही. सकारात्मक राहिल्यानं आयुष्य वाढतं, याला भक्कम पुरावा नाही. तरी येणारा-जाणारा तेच ऐकवून जातो!

खरी अडचण उपचार संपल्यावर सुरू होते. दर २१ दिवसांनी केमो, मग आठवड्यातून पाच दिवस रेडिएशन, यात विचाराला उसंत नसते. तारखा संपतात, डबा पोचवणारे थांबतात आणि भीती वर येते. पोळ्या लाटताना शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात जड वाटला तरी ‘पुन्हा आलं की काय?’ असं मनात येतं. (सूज असेल तर ती दाखवायलाच हवी, बगलेतल्या लसिका ग्रंथी काढल्यावर ती येऊ शकते.) नेमकं तेव्हाच घरचे म्हणतात, ‘झालं ना आता, विसर.’ बोलणं तिथंच तुटतं. आपोआप घोंघावणारे विचार माणसाला थकवतात. ठरवून, कुणापाशी बोलत किंवा लिहीत केलेल्या विचारातून अर्थ लागत जातो. सलग तीन-चार दिवस, रोज १५ ते २० मिनिटं, शुद्धलेखनाची फिकीर न करता लिहून पाहावं. गुण माफक येतो, पण खर्च वहीपुरताच. झोपायच्या तोंडावर लिहू नये आणि लिहून त्रास वाढत असेल तर सरळ थांबावं.

दोन आठवडे उदासी हटत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटावं आणि टॅमॉक्सिफेन (कर्करोग पुन्हा उद्भवू नये म्हणून दिली जाणारी गोळी) चालू असल्यास ते आधी सांगावं. पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिनसारख्या उदासीवरच्या गोळ्यांमुळे शरीरात टॅमॉक्सिफेनचं प्रभावी रूप कमी तयार होतं. दुसरी औषधं आहेत. मात्र कुठलीही गोळी परस्पर बंद करू नये.

अशी मुलाखत छापाल तेव्हा तिच्याखाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्यावा, ही विनंती. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

– कर्करुग्णांसोबत काम करणारे काही समुपदेशक, पुणे