ब्लॅकपूलची ती खोली

ओल्डहॅम, रविवार

प्रिय बाळ्या,

आठ महिन्यांत एक ओळ लिहिली नाही. रागावला असशील, रागावच. गुडघे ठीक, साखर ताब्यात. काल ब्लॅकपूलला, इथल्या समुद्रकाठच्या सुट्टीच्या गावाला, जाऊन आलो आणि तेव्हापासून तुझ्याशिवाय कुणाशी बोलावंसं वाटत नाही.

शेजारच्या बाई आठवतात ना? पंधराव्या वर्षी इथल्या सूतगिरणीत वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात, लागल्या, आता ८७ वर्षांच्या. त्यांना एकदा शेवटचं समुद्रकाठी लागणारे ब्लॅकपूलचे दिवे बघायचेत आणि लहानपणी दरवर्षी उतरायच्या त्याच घरात रात्र काढायचीय. मी हो म्हणून बसलो, आणि काल आधी एकटाच जागा बघून आलो.

आपल्या गणपतीला लालबाग रिकामं व्हायचं, तशी इथली ‘वेक्स वीक’. एकेका गावाच्या गिरण्या आठवडाभर बंद. या आठवड्यात एक गाव, पुढच्यात दुसरं. भोंगा गप्प, चिमण्या थंड, आणि आभाळ निळं दिसायचं म्हणे! १८४६ मध्ये रेल्वे ब्लॅकपूलला पोचली आणि ही सगळी गिरणगावं समुद्राकडे लोटली. भरपगारी सुट्टीचा कायदा १९३८ चा. त्याआधी वर्षभर भिशीसारखे पैसे साठवून जायचे. घरमालकीण खोली द्यायची, बाजार आपण करायचा, ती रांधून वाढायची. बाईंची आई आपल्या बटाट्यांवर सुरीने खूण करायची, दुसऱ्यांच्यात मिसळू नयेत म्हणून. तुझी आई कोकणातून आलेल्या तांदळाच्या पिशवीला लाल दोरा बांधायची, अगदी तस्सं.

टॉवर बघितला. १८९४ चा, १५८ मीटर, आयफेल बघून बांधलेला. ट्राम १८८५ पासून विजेवर धावतेय. मुंबईची ट्राम विजेवर आली १९०७ मध्ये. शाळेतली ती पैज तू हरलास, वडापाव उधार आहे.

मग ते घर शोधलं. घर आहे रे, पण दाराला नऊ बेल. प्रत्येक खोलीत एकटा माणूस, भाडं बहुतेकांचं सरकारी मदतीतून. जिन्यात माझ्याच वयाचा एकजण खोकत बसला होता. त्याने आपणहून खोली दाखवली. भिंतीला ओल, खिडकीत किटली. “वाकून बघा, समुद्र दिसतो,” म्हणाला. दिसला. इंग्लंडमध्ये पुरुषांचं आयुर्मान सगळ्यांत कमी याच गावात आहे, हे मला वाचून माहीत होतं. पण तो माणूस मला बसायला आपली एकुलती खुर्ची देत होता.

स्पेनची स्वस्त विमानं आली, गिऱ्हाईक तिकडे गेलं, असं सगळे सांगतात. खरंच आहे ते. पण इकडे गिरण्याच मेल्या, त्याचं काय? सुट्टीला यायला आधी कामावर भोंगा वाजावा लागतो. मोठ्या कॅसिनोची आशा होती, २००७ मध्ये निवड मँचेस्टरची झाली आणि शेवटी तो कुठेच उभा राहिला नाही. दिवे मात्र लागतात. १८७९ मध्ये आठ दिव्यांनी सुरुवात झाली होती, आता मैलोन्‌मैल.

आता बाईंना काय सांगू? हॉटेल भरलंय म्हणून दुसरीकडे नेऊ? की त्या दारासमोर उभं करू?

तुला बाबांची शेवटची वर्षं आठवत असतील. ८२ चा संप, मग गावी अंथरूण. मी गेलो की विचारायचे, “चिमणी दिसते का रे अजून खिडकीतून?” ती पाडून दोन वर्षं झाली होती. मी म्हणायचो, दिसते. तू महिनाभर माझ्याशी बोलला नाहीस. म्हणालास, साच्यावर तीस वर्षं उभा राहिलेला माणूस आहे, त्याला लहान मूल समजतोस? मी म्हणालो, तुझे बाबा असते तर तूही हेच केलं असतंस. ते वाक्य मी बोलायला नको होतं. आज लिहून टाकतो.

बाबा गेले तेव्हा चिमणी उभी आहे असं समजून गेले. त्याचं मला अजून बरं वाटतं, आणि वाईटही.

स्वातीच्या लग्नाचे फोटो पाहिले, पोरगी अगदी वहिनींवर गेलीय. विरारच्या घराचं पाणी सुटलं का?

बुधवारी निघायचंय. बाईंनी कपाटातून निळा कोट काढून ठेवलाय. मंगळवारी रात्री फोन कर, तुमच्याकडे कितीही वाजले असले तरी.

तुझा,
अन्या