आई-बाबा, नुसतं टॉवरपर्यंत तरी जा

प्रिय आई आणि बाबा,

सा. न.

फोनवर चालण्याचा विषय काढला की बाबा "हां हां, आईला देतो" म्हणून मोकळे होतात आणि आई लगेच आज भाजी काय केलीस विचारते, म्हणून या वेळी सरळ लिहूनच पाठवतेय. दादाला सांगितलंय प्रिंट काढून द्यायला, मोठ्या अक्षरात. चष्मा लावून निवांत वाचा, कागद काही आईकडे देता येणार नाही कारण तो दोघांनाही आहे.

दादा म्हणाला बाबांचं रंकाळ्यावर फिरायला जाणं पावसाळ्यात जे बंद झालं ते दसरा होऊन गेला तरी सुरू नाही. आधी पाऊस, मग गुडघा, मग तुमच्या ग्रुपमधले ते काका मुलाकडे पुण्याला गेले म्हणून कंपनी नाही. आणि आईचं तर ठरलेलंच, मी घरात दिवसभर चालतेच की. बाबा, मला तुमचा स्वभाव माहितीये, तुम्हाला एक तर रंकाळ्याची पूर्ण फेरी पाहिजे, येताना गंगावेशीत धारोष्ण दूध पाहिजे, नाहीतर मग काहीच नको. अर्धी फेरी मारून परत येणं म्हणजे तुम्हाला हरल्यासारखं वाटतं. मला वाटतं खरी अडचण तिथेच आहे, गुडघ्यात नाही.

इकडचं सांगते म्हणजे कळेल मी काय म्हणतेय. आमचं घर गोव्यात बांदोड्याला, नागेशीच्या देवळापासून जवळच. सकाळी पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा पॉं पॉं करत गेला की मी बूट घालते. आमच्या वाड्यावरून कुळागराच्या कडेनं एक पायवाट वर चढते, पोफळी, माड, मिरीचे वेल, खाली पाट वाहतोय, उन्हाळ्यातही तिथे गार असतं, आणि मग वर फर्मागुडीकडचा सडा लागतो, सगळा जांभा, मोकळं आभाळ. जॉगिंग मी वरच करते, तिथे सपाट आहे. पण माझा नियम फक्त नागेशीच्या तळीपर्यंतचा, म्हणजे देवळाच्या तळ्यापर्यंतचा आहे. तळीपर्यंत जायचंच, मग तिथून परत फिरायची मुभा आहे, कुणी विचारणार नाही. ऑफिसला वेर्ण्याला जायची घाई असली, रात्री झोप झाली नसली, नुसता कंटाळा आला असला तरी तळीपर्यंत जायला काय लागतं, आणि एकदा तिथे पोचलं की बहुतेक वेळा पाय आपोआप पुढे जातात, नाही गेले तर नाही, तळीला नमस्कार करून घरी. एक तास चालायचं असं ठरवलं असतं ना, तर तुमच्या जावयांच्या सायकलसारखं झालं असतं, ती आता गॅलरीत टॉवेल वाळवायला आहे.

(नागेशीला १४१३ सालचा शिलालेख आहे हे तुम्हाला मागच्या वेळी दाखवायचं राहिलं, बाबा. पुढच्या वेळी नक्की. आणि आईला बांदोड्याच्या महालक्ष्मीला न्यायचंय, आपल्या अंबाबाईची आठवण काढत बसणार ती तिथे.)

तर बाबा, तुमची तळी म्हणजे रंकाळा टॉवर. पूर्ण फेरी डोक्यातून काढून टाका. टॉवरपर्यंत जायचं, बाकावर बसायचं, परत यायचं. पुढे जावंसं वाटलं तर जा, संध्यामठ दिसेपर्यंत जा नाहीतर शालिनी पॅलेसपर्यंत जा, पण ते बोनस. एखादा दिवस चुकला तर चुकला, त्याचा हिशोब ठेवायचा नाही, फक्त दुसऱ्या दिवशी जायचं. मला विचाराल तर सलग दोन दिवस चुकू द्यायचे नाहीत एवढंच सांभाळायचं.

आता ते दहा हजार पावलांचं. मोबाईलमध्ये आकडा बघून बाबा नाराज होतात असं आई म्हणत होती. अहो, तो आकडा कुठल्या डॉक्टरनं काढलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच दहा हजार पावलांचं मीटर, मानपो-केई, आणि तेव्हापासून तो आकडा जगभर चिकटला. २०१९ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला, सोळा हजारांवर बायका, सरासरी वय ७२, त्यात दिवसाला साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी दिसलं आणि ७,५०० च्या आसपास गेल्यावर पुढे फारसा फरक पडत नव्हता. आता असल्या अभ्यासावरून चालल्यामुळेच आयुष्य वाढलं असं छातीठोक म्हणता येत नाही, कारण जी माणसं आधीच ठणठणीत असतात तीच जास्त चालतात, पण थोडं चालणं म्हणजे वाया असं समजायचं कारण नाही हे तर नक्की. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं मध्यम वेगाचा व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास, आणि २०२० पासून त्यांनी सलग दहा मिनिटं तरी पाहिजेत ही अटही काढून टाकलीये. तुकड्यातुकड्यानं केलं तरी चालतं. मध्यम वेग म्हणजे काय, तर चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. बाबा तर चालताना राजकारणावर अख्खं भाषण देतात, म्हणजे तुमचा वेग वाढवायला जागा आहे!

आई, तुझ्यासाठी वेगळं. घरातलं चालणं चालण्यात धरायचं की नाही यावर मी भांडणार नाही, धरूया. पण ओट्यापासून फ्रीजपर्यंत जाताना दम कधी लागतो का तुला? तेवढ्यानं हृदयाला काही कळतही नाही. तू रोज संध्याकाळी अंबाबाईला जाशील का, आणि आत प्रदक्षिणा जरा झपाझप घालशील का? इथे धो धो पाऊस असला की मी पण तेच करते, तळीपर्यंत छत्री घेऊन जायचं आणि मग देवळाच्या अग्रशाळेच्या, म्हणजे धर्मशाळेच्या, पडवीत फेऱ्या मारायच्या. तिथे एक आजी रोज असतात, मला बघून "आयज कळाव जालो गो?" विचारतात, उशीर झाला की मलाच ओशाळल्यासारखं होतं. असं कुणीतरी पाहिजे विचारणारं. बाबांच्या ग्रुपचे काका गेले तर जाऊ देत, आता तुम्ही दोघं एकमेकांना विचारा.

आणि आई, ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचा सराव कर, चहा उकळेपर्यंत एक पाय, साखर घालून झाली की दुसरा. हसू नकोस. तुमच्या वयात हाड मोडतं ते बहुतेक पडल्यामुळे, आणि तोल सांभाळणं सरावानं सुधारतं, चालण्यानं एकट्यानं तेवढं नाही सुधारत.

गुडघ्याबद्दल. बाबा म्हणतात गुडघा झिजलाय, आता चाललं की आणखी झिजेल. मोटारीचा टायर तसा झिजतो, गुडघ्याचं तसं नाही. कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या मऊ गादीला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, सांध्यातलं वंगण तिच्यात जातं-येतं ते हालचालीनं, दाबलं आणि सोडलं की. बसून राहिलं की मांडीचे स्नायू बारीक होतात आणि मग सगळा भार सांध्यावर येतो, म्हणून तर जास्त दुखतं. गुडघ्याच्या संधिवाताला डॉक्टर व्यायामच आधी सांगतात. पण जॉगिंग करू नका हां, ते माझ्यासाठी, धावताना पायावर वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. मी पण सुरुवात विजेच्या खांबांवर केली होती, एक खांब पळायचं, दोन खांब चालायचं, श्वास फुलला की पळणं बंद, चालणं चालू. तुम्ही सपाट रस्त्यावर चाला, उतारावर जास्त दुखतं तेव्हा उतार टाळा आणि काठी घ्यायला लाजू नका. इथे सड्यावर मी पण काठी नेते, एक तर कुत्री, दुसरं म्हणजे गवतात फुरसं, तो विषारी साप, असू शकतं. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं ते वेगळंच. काठीनं माणूस म्हातारा दिसत नाही, पडल्यावर दिसतो.

साखरेचं तर बाबांना माहितीच आहे पण पुन्हा लिहिते. जेवल्यावर लगेच टीव्हीसमोर बसण्याऐवजी दहा-पंधरा मिनिटं अंगणात, गच्चीवर, कुठेही रमतगमत चाला. पायाचे स्नायू काम करायला लागले की रक्तातली साखर स्वतःकडे ओढून घेतात, त्यासाठी इन्सुलिनची फार वाट बघत नाहीत, म्हणून जेवणानंतरची उडी कमी होते. शतपावली आजोबा करायचेच ना. दुसरं, ते सकाळी गवतावर अनवाणी चालायचं खूळ बंद करा. डोळे सुधारतात वगैरे कुणी सांगितलं असेल ते असू दे, मधुमेहात तळपायाची संवेदना हळूहळू कमी होते, काच किंवा काटा लागला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. रोज रात्री तळपाय बघायचे, स्वतःला दिसत नसेल तर आईनं बघायचे. खिशात साखरेच्या गोळ्या किंवा चॉकलेट ठेवा, मधुमेहाची गोळी घेऊन उपाशीपोटी लांब जाऊ नका. छातीत दुखलं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, नेहमीपेक्षा जास्त दम लागला तर तिथेच थांबायचं आणि दादाला फोन करायचा, घरी जाऊन बघू असं करायचं नाही. आणि इतक्या दिवसांनी सुरू करताय तर आधी तुमच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या, ईसीजी वगैरे ते ठरवतील.

इकडे आता दिवाळीची गडबड सुरू झालीये. पोरं रात्र रात्र जागून नरकासुर बनवतायत, वाड्यावाड्यावर बांबूचे सांगाडे उभे, चतुर्दशीच्या पहाटे ते जाळतात आणि त्या दिवशी जॉगिंगला गेलं की रस्त्याभर फटाक्यांचा कचरा आणि धूर, त्या दिवशी मी कुळागरातूनच फिरून परत येते. पण त्यानंतरचे दिवस इथे चालायला सगळ्यात भारी. घामाची चिकचिक कमी होते, डिसेंबरात सड्यावर पहाटे धुकं असतं, सूर्य सातच्या सुमाराला उगवतो त्यामुळे फार लवकर उठायची पण सक्ती नाही. मार्चमध्ये काजूच्या बोंडांचा वास सुरू होतो, तो मला फार आवडतो, तुमच्या जावयांना हुर्राकचा, म्हणजे त्याच बोंडांच्या दारूचा, जास्त आवडतो. एप्रिल-मेमध्ये मात्र सात वाजले की संपलं, दमट हवेत घाम सुकत नाही, अंग तापतच राहतं, म्हणून तेव्हा तुम्हाला बोलावणार नाही.

म्हणून डिसेंबरात या, पंधरा दिवसांसाठी तरी, आंबोलीवरून आलात की गाडीही फार लागत नाही आईला. मी सुट्टी काढतेय. नागेशी, रामनाथी, कवळ्याची शांतादुर्गा, एकेक दिवस एकेक, गाडीनं देवळापर्यंत आणि मग आजूबाजूला पायी. हायवेला अजिबात चालायचं नाही, तिथे ट्रक आणि टुरिस्टांच्या गाड्या कशाही पळतात, आणि आतल्या रस्त्यानंसुद्धा समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या बाजूनं चालायचं. एका रविवारी मी आणि हे बोरीच्या सिद्धनाथ पर्वतावर जातो तेव्हा तुम्ही खाली थांबा, वर चढायचा हट्ट बाबांनी धरायचा नाही, मी आधीच सांगून ठेवते. परत येताना फोंड्यात पातळभाजी-पाव आणि मिरची भजी. हो, भजीसुद्धा, एक दिवस चालतं.

तोवर महिना-दीड महिना आहे. तेवढ्यात टॉवरपर्यंतची सवय लागली पाहिजे, नाहीतर इथे आलात की पहिल्याच दिवशी जोशात फार चालाल आणि मग आठ दिवस सोफ्यावर. दादाकडून मला रिपोर्ट नकोय, तुम्हीच रोज एक फोटो पाठवा, टॉवरचा, किंवा देवळाच्या बाहेरचा, बाकी काही लिहू नका.

दोघांना नमस्कार. दादा-वहिनींना सांगा फराळ पाठवतेय, आणि पोरांना सांगा आत्या विचारत होती.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, बुटांचा नंबर कळवा. पाय संध्याकाळी मोजा, दिवसभरात पाय थोडे सुजतात म्हणून सकाळी घेतलेला बूट चावतो, आणि पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी पाहिजे. चालताना घालायचे मोजे घालूनच मोजा. आईचाही नंबर पाठवा. साडीवर बूट कसे दिसतील हे तिनं आत्ताच विचारलं असणार, तर आमच्या तळीवर निम्म्या बायका साडी आणि बुटात असतात.