कायझम उजळला म्हणजे नजर येणार का?

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल तू विचारलेला प्रश्न फोनवर घाईत उरकण्यासारखा नव्हता. पिट्युटरीच्या, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या, गाठीचं ऑपरेशन करताना डाय (चमकणारा रंग) रक्तात दिला आणि पडद्यावर कायझम, म्हणजे दोन्ही डोळ्यांच्या चेता एकत्र येतात ती जागा, लख्ख उजळला, तर बाहेर बसलेल्या नातेवाइकांना ‘नजर येईल’ असं सांगायचं का? इतक्या लगेच सांगू नकोस. का ते लिहिते.

हा डाय म्हणजे इंडोसायनिन ग्रीन, आम्हा डोळ्यांच्या डॉक्टरांच्या जुन्या ओळखीचा. कोडॅकच्या प्रयोगशाळेत फोटोग्राफीसाठी तयार झालेला हा रंग १९५९ मध्ये अमेरिकेत रुग्णांसाठी मंजूर झाला. आम्ही तो डोळ्याच्या मागच्या पडद्याखालच्या रक्तवाहिन्या बघायला वापरतो. रक्तातल्या प्रथिनांना तो घट्ट चिकटतो, त्यामुळे फ्लुरोसिन या आमच्या दुसऱ्या डायसारखा झिरपत नाही, बहुतेक वाहिन्यांतच राहतो. त्याचा उजेड इन्फ्रारेडमधला, म्हणून तुमच्या एन्डोस्कोपला खास कॅमेरा लागतो. यकृत त्याला पित्तात टाकून देतं आणि तीन-चार मिनिटांत रक्तातला डाय निम्म्यावर येतो. म्हणूनच गाठ काढण्याआधी एकदा आणि काढल्यावर पुन्हा असा दोनदा देता येतो. त्यात आयोडाइड असतं, तेव्हा ॲलर्जीचं आधीच विचारून ठेवत जा.

कायझमला खालच्या बाजूने रक्त पुरवणाऱ्या सुपिरिअर हायपोफिजिअल धमनीच्या फांद्या अगदी बारीक असतात. कॅरोटिडमधून, म्हणजे मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीतून, निघून त्या पिट्युटरीच्या देठाकडे आणि कायझमच्या पोटाकडे जातात. गाठ वर चढली की चेता ताणल्या जातात आणि या फांद्याही दबतात, म्हणजे नजरेचं नुकसान दोन्हीकडून होतं. डाय सोडल्यावर काही सेकंदांत आधी कॅरोटिड उजळते, मग या फांद्या, मग ग्रंथी आणि कायझम. माझ्या मते डायचा सर्वांत मोठा उपयोग इथेच आहे. कुठली फांदी जिवंत आहे ते समोर दिसतं, आणि रक्त थांबवायच्या घाईत सर्जनचा हात तिथे डागणी द्यायला जात नाही. नजरेचं भाकीत त्यानंतरचं.

भाकिताला आधार नाही असं नाही. गाठ काढण्याआधी मंद दिसणारा कायझम गाठ निघाल्यावर लवकर आणि ठळक उजळला, तर रक्त परत वाहू लागलं, आणि रक्त आलं तर सुधारणेची आशा वाढते. पण डाय रक्त दाखवतो, चेतातंतू दाखवत नाही. जे तंतू मेले त्यांच्या जागीसुद्धा रक्त वाहतंच. शिवाय हा उजेड वरच्या काही मिलिमीटरपुरताच. मध्ये रक्ताचा थर किंवा गाठीचा पापुद्रा राहिला तर चांगला कायझमही काळाच दिसेल.

परवा ओपीडीत एक रिक्षावाले काका आले. म्हणाले, “मॅडम, बाजूची गाडी दिसतच नाही, एकदम पुढ्यात येते.” तक्त्यावरची शेवटची ओळ त्यांनी धडाधड वाचली. मग एकेक डोळा झाकून बाहेरच्या बाजूने बोट आत आणत गेले, तर मधली रेघ ओलांडेपर्यंत त्यांना ते दिसेना. दोन्ही डोळ्यांना तसंच. टांग्याच्या घोड्याला झापडं बांधावीत तशी त्यांची नजर झाली होती. आत बघितलं तर दृष्टीचेतेची चकती फिकट, आणि ओसीटीवर, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या थरांच्या स्कॅनवर, चेतातंतूंचा थर पातळ. म्हणजे दाब फार दिवसांचा आहे. त्यांचा कायझम उद्या पडद्यावर कितीही उजळला, तरी मी त्यांच्या मुलाला आजच फार मोठी आशा लावणार नाही. थर जाड असेल तेव्हा मात्र मी धीर देते, कारण असे रुग्ण ऑपरेशननंतर दोन-चार दिवसांतच ‘कडेचं दिसायला लागलं’ असं सांगताना मी पाहिलेत. उरलेली सुधारणा महिनोन्‌महिने हळूहळू होत राहते.

म्हणून मुक्ता, डायचा व्हिडिओ एकटा वाचू नकोस. शेजारी आधीची फील्ड टेस्ट (कडेपर्यंत किती दिसतं ती तपासणी) आणि ओसीटी ठेव. बऱ्याच ठिकाणी ऑपरेशनची तारीख मिळवायच्या धावपळीत या दोन्ही तपासण्या राहून जातात आणि मग नंतर तुलना करायला काहीच उरत नाही. निवासी डॉक्टर म्हणून हे तुझ्या हातात आहे, तूच आदल्या दिवशी पाठपुरावा कर. नातेवाइकांना सांगताना ‘गाठ निघाली, चेतेला रक्त मिळतंय, नजर किती येते ते पुढच्या तपासण्यांत कळेल’ एवढं सांग. त्यांना ते पुरतं, ते काही तुला कोपऱ्यात गाठत नाहीत.

आणि डाय दिल्यापासून कॅरोटिड किती सेकंदांनी उजळली आणि कायझम किती सेकंदांनी, हे दोन्ही वेळचं लिहून ठेवत जा. तीन महिन्यांनंतरच्या फील्डचे कागद हातात आले की नावं झाकून मला पाठव, आपण दोघी रविवारी बसून ते ताडून बघू.

तुझी,
आई