चिऊची शाळा आणि बाबांची ठेव

जोगेश्वरी (पूर्व), मुंबई

ती. बाबा आणि ती. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त होताना बँकेत ठेवलेली मुदत ठेव मोडून चिऊच्या शाळेसाठी पैसे पाठवतो, असे तुम्ही रविवारी फोनवर म्हणालात आणि मला फार भरून आले. ते पैसे आम्ही घेणार नाही. त्यामागची कारणे फोनवर दोन वाक्यांत आटोपण्यासारखी नसल्याने सविस्तर लिहीत आहे. चिऊचा प्रवेश घराजवळच्या शाळेत निश्चित झाला असून, आम्ही दोघांनी पूर्ण विचार करून तो घेतला आहे. पैसे कमी पडले म्हणून मोठी शाळा हुकली, अशी रुखरुख तुम्ही मनाला लावून घेऊ नये, यासाठीच हे पत्र आहे.

आई, इवल्याशा पोरीसाठी एवढी धावपळ कशाला, असे तू दिवाळीत विचारले होतेस. आपल्या गावात जूनमध्ये पोराचा हात धरून शाळेत जायचे, गुरुजींनी रजिस्टरात नाव लिहायचे की प्रवेश झाला. इथल्या नावाजलेल्या खाजगी शाळांमध्ये पहिलीत नव्याने जागा जवळजवळ निघतच नाहीत, कारण नर्सरीत किंवा ज्युनिअर केजीत घेतलेली मुलेच पुढे पहिलीत जातात. म्हणजे दहावीपर्यंतचा निर्णय मूल तीन-चार वर्षांचे असतानाच होऊन बसतो. पुढच्या वर्षीचे अर्ज आदल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत केव्हाही निघतात आणि काही शाळांचे अर्ज ऑनलाइन अवघे काही दिवसच उघडे असतात. जन्मदाखला, आधार, लसीकरणाचे कार्ड, वीजबिल आणि कुटुंबाचा एकत्र फोटो अशी फाईल आम्ही गणपतीतच तयार करून ठेवली होती. त्यातही शाळेत आधीच शिकत असलेल्या मुलांची भावंडे आणि माजी विद्यार्थ्यांची मुले यांना बहुतेक ठिकाणी प्राधान्य असते. आम्ही दोघेही बाहेरगावचे, तेव्हा आमच्यासारख्यांच्या वाट्याला उरलेल्या जागा किती असतील याचा अंदाज तुम्हाला येईल.

पहिला विचार वयाचा होता. महाराष्ट्रात वयाची गणना आता ३१ डिसेंबरला धरतात: नर्सरीसाठी त्या दिवशी तीन वर्षे आणि पहिलीसाठी सहा वर्षे पूर्ण हवीत. चिऊ येत्या नोव्हेंबरात चार वर्षांची होईल, त्यामुळे नियमाने ती या जूनमध्ये थेट ज्युनिअर केजीत बसू शकत होती. ज्या मोठ्या शाळेचा एवढा बोलबाला आहे तिथे प्रवेश ज्युनिअर केजीपासूनच सुरू होतो, म्हणजे तिथे ती वर्गातली सर्वांत लहान मुलगी ठरली असती. बाबा, पाच-साडेपाच वर्षांची मुले मोठ्या भावाच्या मागून पहिलीत येऊन बसत, तेव्हा पाटीवर गिरवताना त्यांची बोटे कशी दुखत आणि दिवाळीनंतर तीच मुले शाळेला कशी कंटाळत, हे तुम्ही आम्हाला कितीदा सांगितले आहे. त्याच अनुभवाला मान देऊन आम्ही तिला नर्सरीत घालून एक वर्ष अधिक मिळवून द्यायचे ठरवले. पहिलीत जाईल तेव्हा ती साडेसहा वर्षांची असेल.

आता त्या मोठ्या शाळेविषयी लिहिते. नाव पत्रात लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. तिथे आम्हाला भेटीला बोलावले होते. भेटीला मुलाखत म्हणत नाहीत, कारण शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने मुलाची किंवा पालकांची चाळणी लावून प्रवेश देण्यास बंदी आहे. पहिल्या वेळी २५ हजार रुपये आणि त्यानंतर दर वेळी ५० हजार रुपये दंडाची तरतूद आहे. पण तो कायदा मुळात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी असल्याने आणि प्रवेश मात्र तीन-चार वर्षांच्या वयात होत असल्याने, जाब विचारायला कोणी पालक धजत नाही. चिऊला माझ्या मांडीवरून उठवून शेजारच्या खोलीत नेले आणि दार लावून घेतले. आम्हा दोघांना आमचे शिक्षण, नोकरीचे तास, घरात कोणती भाषा बोलतो आणि मुलीला आणायला-सोडायला कोण येणार, हे विचारण्यात आले. आमच्या वस्तीत अशा भेटींची तयारी करून घेणारे वर्ग चालतात आणि रंग, फळे, प्राणी यांची नावे मुलांकडून इंग्रजीत घोकून घेतली जातात. आम्ही तिला त्या वर्गाला पाठवले नाही, आणि याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

भेटीनंतर आठवड्याने शाळेच्या एका माणसाचा फोन आला की इमारत निधीला साडेतीन लाख रुपये दिल्यास जागेचा विचार होईल. पावती मिळणार नाही. बाबा, तुम्ही ठेव मोडायला निघालात ती या रकमेसाठी. महाराष्ट्रात देणगी घेऊन प्रवेश देण्यावर १९८७ सालापासून कायद्याने बंदी आहे. शिक्षण हक्क कायद्यातही अशा देणगीबद्दल घेतलेल्या रकमेच्या दहापट दंड सांगितला आहे. तुम्ही नोकरीत असताना पोषण आहाराच्या तांदळाचा हिशोब किलोकिलोने लिहून ठेवत होता. त्या पगारातून साठलेला पैसा पावतीशिवाय कोणाच्या हातावर ठेवण्याचा अधिकार मला नाही, आणि चिऊच्या शाळेची सुरुवात तशा व्यवहाराने व्हावी हे मला सहन होणार नाही. शिवाय देणगी एकदाच द्यायची असली, तरी वार्षिक फी पावणेदोन लाख, बसचे वेगळे, आणि घराचा हप्ता अजून बारा वर्षे चालायचा आहे. ती शाळा माहीमच्या बाजूला. साडेतीन-चार वर्षांच्या मुलीला सकाळी सहाच्या आत उठवून महामार्गावरच्या गर्दीत रोज अडीच-तीन तास बसमध्ये बसवायचे, हा विचार जावईबापूंना पहिल्यापासूनच पटत नव्हता.

मराठी शाळेचा विचार केला नाही का, हे तुम्ही विचारणार, आणि तो प्रश्न तुम्ही विचारायलाच हवा. केला, मनापासून केला. लोकमान्यांच्या निधनानंतर वर्षाच्या आत, १९२१ साली स्थापन झालेले पार्ले टिळक विद्यालय आमच्यापासून लोकलने दोन स्टेशनांवर आहे, आणि माझे मन पुन्हापुन्हा तिकडेच ओढ घेत होते. अडचण जावईबापूंच्या बँकेच्या नोकरीची आहे. पुढची बढती मिळाली की बदली परराज्यात होण्याचा संभव मोठा, आणि तिसरी-चौथीत मराठी माध्यमातून उठवून मुलीला लखनौच्या किंवा कोइमतूरच्या शाळेत बसवणे तिच्यावर अन्याय ठरेल. म्हणून माध्यम इंग्रजी आणि बोर्ड सीबीएसई, एवढे आम्ही आधी नक्की केले आणि बाकीचे पर्याय त्या चौकटीत शोधले. पूनमनगरला महापालिकेने २०२० साली सीबीएसईची मुंबई पब्लिक स्कूल सुरू केली, तिथेही अर्ज केला होता. जागांपेक्षा अर्ज जास्त झाले की तिथे सोडत निघते; चिऊचे नाव त्यात आले नाही, पण ज्या मुलांची नावे आली त्यांच्या घरी ती जागा आमच्यापेक्षा अधिक गरजेची असणार.

शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत ठेवलेल्या पंचवीस टक्के राखीव जागांबद्दल तुम्ही वर्तमानपत्रात वाचून विचारले होते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी त्यात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे, म्हणून तो मार्ग आमच्यासाठी नाही. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या नातवाचा अर्ज मात्र मी भरून देत आहे. त्यात जास्तीत जास्त दहा शाळा निवडता येतात आणि राज्यस्तरावर सोडत निघते. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना ही तरतूद लागू नसल्याने मुंबईतील कित्येक नामवंत शाळा त्या यादीत नाहीत. २०२४ मध्ये राज्य सरकारने सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातील खाजगी शाळांनाही सूट देऊन टाकली होती. उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केली, म्हणूनच मावशींच्या नातवाला आज निदान अर्ज करता येतो. त्याचे नाव लागावे अशी तुम्हीही प्रार्थना करा.

आता आमच्या शाळेविषयी. ती एका जुन्या स्थानिक शिक्षण संस्थेची आहे, इमारत साधी तीन मजली, घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आणि वाटेत महामार्ग ओलांडावा लागत नाही. बाबा, मी तिथे गेले ती तुमच्या डोळ्यांनी पाहण्याचा निश्चय करूनच. मुख्याध्यापिकांच्या परवानगीने पहिलीच्या वर्गातील एका मुलाची मराठीची वही मी उघडली. पानभर तांबड्या शाईच्या फुल्या मला कुठेही दिसल्या नाहीत. त्या मुलाने ‘ळ’ सलग एका ओळीत उलटा काढला होता; बाईंनी समासात पेन्सिलीने एकच ‘ळ’ काढून कोठून सुरुवात करायची तिथे एक बारीक टिंब दिले होते, आणि पुढच्या ओळीतला तिसरा ‘ळ’ त्या मुलाला बरोबर साधला होता. तुम्ही पाटीच्या कोपऱ्यात टिंब देत होता, ते अगदी असेच असायचे. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे झाले आहे. सक्ती म्हणून उरकणाऱ्या शाळाही मी पाहिल्या, आणि ही वही पाहिल्यावर मला दुसरा पुरावा लागला नाही.

नर्सरीच्या वर्गात डोकावले तेव्हा बाई जमिनीवर बसल्या होत्या आणि एक मुलगा बुटाचा पट्टा लावण्याची खटपट करत होता. त्यांनी एका पायाचा पट्टा लावून दाखवला, दुसऱ्याला हात लावला नाही, आणि त्याला जमेपर्यंत बाकीच्या मुलांना गाण्यात गुंतवून ठेवले. वर्गात सत्तावीस मुले आणि बाईंच्या हाताखाली एक मदतनीस आहे. कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे, तेव्हा हे प्रमाण समाधानाचे आहे. स्वच्छतागृहे मी स्वतः पाहिली, मुलांच्या उंचीची होती आणि कोरडी होती. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची नावे फलकावर लावलेली होती. ही बाब मी मुद्दाम पाहिली, कारण २०११ च्या फी नियमन कायद्याप्रमाणे फी त्या समितीच्या संमतीने ठरते आणि एकदा ठरली की दोन वर्षे वाढवता येत नाही. वार्षिक फी बहात्तर हजार रुपये असून, ती आमच्या पगारातून ओढाताण न करता भरता येईल. मैदान मात्र लहान आहे आणि उणे म्हणाल तर तेवढेच. रविवारी तिला आरेकडे मोकळ्यावर नेण्याचे जावईबापूंनी कबूल केले आहे.

शाळा जूनमध्ये सुरू होईल. तुम्ही दोघांनी मे महिन्याच्या शेवटी यावे आणि निदान गणपतीपर्यंत राहावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. शाळा दुपारी बाराला सुटते आणि आम्ही घरी सातला पोहोचतो. मधला वेळ पाळणाघरात जाण्याऐवजी सुरुवातीचे तीन महिने तिला आजी-आजोबांजवळ मिळाले, तर ते तिला कोणत्याही शाळेपेक्षा जास्त मोलाचे ठरेल. मराठी मुळाक्षरांची घाई नको, ती केव्हा आणि कशी सुरू करायची ते बाबांनीच ठरवावे. आई, गुडघ्यांमुळे जिन्याची काळजी करू नकोस, इमारतीची लिफ्ट आता व्यवस्थित चालू आहे. येण्यापूर्वी साताऱ्याच्या डॉक्टरांकडून मोतीबिंदूची तारीख मात्र घेऊन ठेव.

बाबा, ठेवीची मुदत मार्चअखेर संपते. त्या पैशातून आधी आईच्या डोळ्याचा खर्च काढून ठेवावा आणि उरलेल्या रकमेचे ज्येष्ठ नागरिकांच्या वाढीव दराने नूतनीकरण करून घ्यावे. व्याजातून कर कापला जाऊ नये म्हणून बँकेला द्यायचा घोषणापत्राचा फॉर्म एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच भरून द्यावा. तो मी छापून या पत्रासोबत पाठवत आहे, सहीच्या जागी फुली केली आहे.

तुमची लाडकी,
ताई