ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलतात, हर्ट्झ नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशातून घरगुती मशीन मागवण्याबद्दल तुमच्या पुरवणीत लेख आला होता तो वाचला, चांगला होता, पण त्यात एक वाक्य होतं की तिकडचं व्होल्टेज वेगळं असेल तर ट्रान्सफॉर्मर लावा, काम होऊन जातं. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, कारण ह्याच सल्ल्यावर विसंबून मी मोठा कॉफी रोस्टर (कॉफीच्या बिया भाजायचं मशीन) मागवला आणि पुढचे चार महिने त्याच्याशी झटत बसले.

थोडं मागचं सांगते. पाच वर्षं झाली, मी घरीच कॉफी भाजते. आधीचं मशीन गरम हवेवर चालणारं, एका वेळी 120 ग्रॅम हिरव्या, म्हणजे न भाजलेल्या, बिया मावायच्या, भाजताना बियांतलं पाणी उडतं आणि वरचं पातळ साल निघतं त्यात साधारण 15 टक्के वजन जातं, म्हणजे हातात येणार जेमतेम 100 ग्रॅम. घरात पिणारे चौघं, शिवाय भाऊ आणि शेजारच्या काकू ह्यांनाही त्याच कॉफीची सवय लागलेली, मग दर रविवारी एकामागून एक पाच बॅच आणि मधे मधे मशीन थंड होईपर्यंत थांबायचं, अख्खी सकाळ तिथेच जायची. महिन्याची एकदम भाजून ठेवावी तर तेही जमत नाही, हिरव्या बिया महिनोन् महिने टिकतात पण भाजलेल्या दोन-तीन आठवड्यांत उतरायला लागतात. म्हणून आठवड्याचं सगळं एकाच बॅचमध्ये निघेल असं 1 किलोचं ड्रमवालं (फिरत्या लोखंडी पिंपात बिया भाजणारं) मशीन घ्यायचं ठरवलं.

ते जिथून आलं तिथे 110 व्होल्ट, 60 हर्ट्झ (वीज सेकंदाला किती वेळा पुढे-मागे होते तो आकडा). माझ्या घरी 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. व्होल्टचं मला माहीत होतं. 110 चा हीटर थेट 230 वर लावला तर तो चौपटीहून जास्त वीज खेचतो, 1500 वॅटच्या हीटरचे साडेसहा हजार होतात आणि तो क्षणात जळतो. म्हणून भक्कम ट्रान्सफॉर्मर घेतला, एकट्याने उचलवत नाही असा. विकणाऱ्यांनाही विचारलं होतं, त्यांचंही उत्तर हेच की ट्रान्सफॉर्मर लावा, बाकी काही बघायला नको.

पहिल्याच बॅचला बियांवर काळे डाग. बीची जी सपाट बाजू असते ना, तिथे गोल, कडा स्पष्ट दिसणारे डाग, आणि बाकीची बी अजून फिकट तपकिरी. चव वरून करपलेली आणि आतून कच्ची, दोन्ही एकदम. मला वाटलं ड्रम जास्त तापवतेय, म्हणून बिया टाकतानाचं तापमान 200 अंश सेल्सिअसवरून 180 वर आणलं. डाग कमी झाले, गेले नाहीत. आणखी खाली आणलं तर फर्स्ट क्रॅकच (बिया पहिल्यांदा तडतडतात तो क्षण, कोरडी काटकी मोडल्यासारखा आवाज येतो) पंधराव्या मिनिटाला यायला लागला आणि कॉफी अगदी बेचव, सपाट. त्यात धूरही नीट बाहेर जाईना, साल ड्रममध्येच फिरत राहायचं आणि जळायचं. बॅचमागून बॅच टाकून द्यायची वेळ आली. कुणीतरी कष्टाने पिकवलेल्या, वेचलेल्या, वाळवलेल्या बिया आपल्या हातून अशा वाया जाताना बघून खरंच रडू यायचं.

एक दिवस सहज मशीनच्या मागे हात लागला तर मोटर इतकी गरम की बोट टेकवत नव्हतं. मग शंका आली. मागच्या बाजूला ड्रमचा दांडा थोडा बाहेर दिसतो, त्यावर खडूने खूण केली, फोनवर एक मिनिट लावलं आणि फेरे मोजले. पन्नास. पुन्हा मोजले, पन्नास. तिसऱ्यांदा मुलाला मोजायला लावले, पन्नासच. आणि मशीनच्या माहितीपुस्तिकेत लिहिलंय मिनिटाला 60.

60 चे 50, म्हणजे बरोबर हर्ट्झच्याच प्रमाणात. ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्ट कमी-जास्त करतो, हर्ट्झ तो बदलू शकत नाही, आणि साध्या एसी मोटरचा (अशा पुढे-मागे होणाऱ्या विजेवर थेट चालणाऱ्या) वेग त्यावरच ठरतो. मोटर सहाव्या हिश्शाने हळू झाली की ड्रम हळू, बिया उसळायच्या ऐवजी तापलेल्या पत्र्यावर लोळत राहतात आणि डाग पडतात. धूर ओढणारा पंखाही तसल्याच मोटरवर, म्हणजे तोही मंद. वर 60 हर्ट्झसाठी बनवलेली मोटर तेवढ्याच व्होल्टवर 50 ला चालवली की ती जास्त करंट घेते आणि तापते, म्हणजे आज ना उद्या जळणारच होती. हीटरला मात्र हर्ट्झने काही फरक पडत नाही त्यामुळे तापमान व्यवस्थित दिसत राहतं, आणि म्हणूनच दोष माझ्या लवकर लक्षात आला नाही.

लोकांची गफलत होते ती फोनच्या चार्जरमुळे असं मला वाटतं. त्यावर 100-240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ असं छापलेलं असतं, कुठेही लावा चालतो, मग वाटतं सगळंच तसं असेल. काही नव्या रोस्टरमध्ये डीसी मोटर (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर चालणारी) असते, तिला हर्ट्झचं काही नसतं. पण ते आधी विचारून घ्यायला हवं. मी विक्रेत्याला हे सगळं मोजमापासकट कळवलं, उत्तर आलं की मशीन परत पाठवा, पाठवण्याचा खर्च तुमचा. एवढं जड धूड परत पाठवायचं, आणि कुरियरवाले मोठ्या खोक्याला नुसतं वजन नाही लावत, खोक्याच्या आकारावरूनही वजन काढतात आणि जो आकडा जास्त तो धरतात. नाही पाठवलं.

शेवटी मोटरचं काम जाणणाऱ्या एकांनी ड्रमला आणि पंख्याला वेग कमी-जास्त करता येणाऱ्या डीसी मोटर बसवून दिल्या. पुन्हा खडूची खूण, पुन्हा एक मिनिट, साठ. त्या दिवशीची बॅच ट्रेमध्ये उतरवली तेव्हा एकेक बी उलटून बघितली, एकही डाग नाही.

तरी नव्याने शिकावं लागलंच. आधीच्या पाच वर्षांच्या वहीतला एकही आकडा इथे लागू पडत नाही. गरम हवेत सहाव्या मिनिटाला येणारा फर्स्ट क्रॅक इथे नवव्या-दहाव्याला येतो, आणि लोखंडी ड्रम उष्णता धरून ठेवतो त्यामुळे आच आत्ता कमी केली की परिणाम मिनिटभराने दिसतो, म्हणजे आधीच ओळखून कमी करायची. 1 किलो लिहिलेलं असलं तरी माझ्याकडे 700 ग्रॅमलाच सगळ्यात छान जमतं, आणि 300 च्या खाली गेलं तर तापमान मोजणारी सळई बियांत बुडतच नाही, हवेचं तापमान दाखवत बसते. ह्याची तक्रार नाही, ह्यात तर मजा आहे.

तुम्हाला विनंती एवढीच की त्या लेखाखाली एक दुरुस्ती छापा, मशीनमध्ये मोटर असेल तर पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडून मशीनवरच्या आणि मोटरवरच्या, दोन्ही पट्ट्यांचा फोटो मागवा आणि व्होल्टच्या शेजारी हर्ट्झ काय लिहिलेत ते वाचा. माझ्या जुन्या मोटरवरच्या पट्टीचा फोटो पत्रासोबत पाठवतेय, त्यावर 60 हा आकडा किती बारीक छापलाय ते दिसेल, जागा असेल तर तोही घ्या.

आपली,
एक नियमित वाचक